मनाच्या गोळीची पथ्ये



पथ्य म्हणजे काय, हे आपल्या कोकणात कुणाला शिकवावे लागत नाही. वैद्याने साधी पुडी दिली तरी घरातली म्हातारी आधी विचारते, "पथ्य काय सांगितलंन?" कावीळ झाली की तेल-तूप बंद, खोकला झाला की ताक बंद, हे सारे घराला माहीत असते. पण एका औषधाचे पथ्य कुणीच विचारीत नाही. कारण ते औषध चालू आहे हेच मुळी घरात कुणाला ठाऊक नसते. ते म्हणजे नैराश्यावरची गोळी. डॉक्टर ज्याला डिप्रेशन म्हणतात, त्या आजाराची गोळी. आज बोलायचे आहे ते या गोळीबद्दल, आणि तिच्याबरोबर दुसरी कोणती औषधे पोटात गेली तर काय होते त्याबद्दल.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. मी कॉलेजात मराठी शिकवतो. हा विषय मी पुस्तकातून शिकलो, पण पुस्तक उघडले ते ठेच लागल्यानंतर. तेव्हा ती ठेच आधी सांगतो.

वडील गेल्यानंतरच्या वर्षी माझी झोप गेली. पहाटे तीनला जाग यायची आणि उजाडेपर्यंत छताकडे बघत पडायचे. जेवणावरची वासना उडाली. वर्गात उभा राहिलो की पुढचे वाक्य सुचेना. दोन महिने असे गेल्यावर पत्नी हट्टाने मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. त्यांनी सर्ट्रालीन नावाची गोळी दिली आणि बजावले, "दोन-चार आठवडे गुण दिसणार नाही. धीर धरा, सोडू नका." झालेही तसेच. पाचव्या आठवड्यात एका सकाळी मला चहाची चव लागली! तोवर चहाला चव असते हेच मी विसरलो होतो.

पण ही गोळी आम्ही लपवली. कपाटात, धोतरांच्या घडीखाली. रत्नागिरीत मनोरुग्णालय १८८६ सालापासून आहे. सव्वाशेहून अधिक वर्षे. एवढ्या काळात त्या इमारतीने किती संसार सावरले असतील! पण आपण तिच्या नावाचा उपयोग केला तो चेष्टेसाठी. 'मास्तरला तिकडं पाठवायला हवं' असे कुणी म्हणेल, ही भीती आजारापेक्षा मोठी होती.

भाद्रपदात गणपतीला राजापूर तालुक्यातल्या घरी गेलो. पावसात भिजून खोकला झालेला होता, आणि मखराची फळी उचलताना पाठीत उसण भरली. दादाने गावातल्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी नेमका प्रश्न विचारला, "दुसरं काही औषध चालू आहे का?" दादा शेजारी बसलेला. मी म्हटले, "नाही." त्यांनी दुखण्यावर ट्रामाडॉल असलेली गोळी दिली. येताना दुकानातून खोकल्याची बाटली घेतली, तिच्यात डेक्स्ट्रोमेथॉर्फन नावाचे औषध होते. हे शब्द मला नंतर कळले. तेव्हा माझ्या लेखी ती पाठीची गोळी आणि खोकल्याची बाटली होती.

संध्याकाळी आरतीला उभा राहिलो तर हातातले तबक खडखड वाजू लागले. घामाने सदरा भिजला, छाती धडधडू लागली, पाय आपोआप उडू लागले. पोट बिघडले. एके जागी बसवेना. वहिनी म्हणाली, "पित्त झालं असेल, कोकमाचं सरबत देते." शेजारच्या एका म्हातारबुवांनी तर हात जोडले; त्यांना वाटले, अंगात वारे आले! शेवटी पत्नीच दादाला म्हणाली, "भावजी, यांना एक गोळी चालू आहे. आम्ही सांगितलं नव्हतं." रात्री अकराला गाडी करून रुग्णालय गाठले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी तिन्ही पाकिटे टेबलावर ठेवली. त्यांनी ती पाहिली, औषधे थांबवली, सलाइन लावले, रात्रभर लक्ष ठेवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत शरीर ताळ्यावर आले. निघताना ते म्हणाले, "सर, गोळ्यांचा दोष नाही. तुमच्या 'नाही'चा दोष आहे."

श्रोतेहो, त्या रात्री माझ्या शरीरात काय झाले? पोफळीच्या बागेची कल्पना करा. पाटाने पाणी येते, आळ्यांतून फिरते आणि पुढे निघून जाते. मेंदूत एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारी काही रासायनिक द्रव्ये आहेत. त्यांतले एक सेरोटोनिन. निरोप पोचला की पेशी ते परत ओढून घेते. सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन, एस्सिटालोप्राम या जातीच्या गोळ्या ही परत जाण्याची वाट अडवतात, म्हणजे पाणी आळ्यात जरा जास्त वेळ राहते. एवढ्याने नुकसान होत नाही, फायदा होतो. पण ट्रामाडॉलही तीच वाट अडवते, आणि खोकल्याच्या बाटलीतले ते औषधही तेच करते. तिघांनी मिळून बांध घातल्यावर बाग तुंबणार नाही तर काय होईल? या तुंबण्याला डॉक्टर सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. अस्वस्थपणा, कापरे, घाम, जुलाब, छातीची धडधड, स्नायू ताठरणे किंवा उडणे, आणि वाढत गेले तर जोराचा ताप व बेशुद्धी, ही त्याची लक्षणे. नवे औषध घेतल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर बहुधा काही तासांत, एका दिवसाच्या आतच ती दिसतात. अशा वेळी सरबत नको, अंगारा नको. सगळी पाकिटे पिशवीत घालून थेट रुग्णालय गाठायचे.

या औषधांचा जन्मच मोठा गमतीचा आहे. १९५२ साली न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन आयलंडवरील क्षयरोग रुग्णालयात इप्रोनियाझिड नावाचे नवे औषध देऊन पाहिले. क्षयाचे रोगी, खंगलेले, अंथरुणाला खिळलेले. ते हसूबोलू लागले, भूक लागली म्हणू लागले. १९५७ पर्यंत हे औषध नैराश्यावर वापरात आले. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून यांना इमिप्रामीन हे दुसरे औषध सापडले. नैराश्य हा स्वभावाचा दोष नव्हे, त्याला औषध आहे, हे जगाला प्रथम असे कळले.

इप्रोनियाझिडच्या जातीची औषधे शरीरातला एक पाचक घटक बंद पाडतात. त्याचे परिणाम पुढे दिसू लागले. इंग्लंडात नॉटिंगहॅम येथील एका फार्मासिस्टच्या पत्नीला असे औषध चालू होते. चीज खाल्ले की तिचे डोके भयंकर दुखे, हे त्या गृहस्थाच्या ध्यानात आले आणि त्याने ते लिहून कळवले. प्रथम कुणी मनावर घेतले नाही. पण बॅरी ब्लॅकवेल या तरुण डॉक्टराने चिकाटीने पाठपुरावा केला, आणि १९६३ साली त्यांनी ते सिद्ध करून प्रसिद्ध केले. जुन्या चीजमध्ये टायरामीन असते. एरवी शरीर ते जिरवते. पण तो पाचक घटकच बंद पडला असेल तर रक्तदाब एकाएकी भडकतो, प्रसंगी मेंदूत रक्तस्राव होतो. मला या गोष्टीत सगळ्यात आवडतो तो नवरा. बायकोच्या ताटात काय होते आणि नंतर तिला काय झाले, हे त्याने पाहिले होते.

ही जुनी औषधे आता आपल्याकडे क्वचितच देतात. मग मी ती का सांगितली? तर त्याच गुणाची औषधे आज दुसऱ्या दाराने येतात. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर लिनेझोलिड देतात. त्यात हा गुण आहे. कंपवातावरच्या सेलेजिलीन आणि रासाजिलीन या गोळ्याही त्याच कुळातल्या. क्षयाच्या रोग्याला नैराश्य येणे नवल नाही. तेव्हा क्षयाचे डॉक्टर आणि मनाचे डॉक्टर या दोघांनाही एकमेकांच्या गोळ्या माहीत असल्या पाहिजेत, आणि ते काम रोग्याचे किंवा त्याच्या घरच्यांचे. एक औषध बंद करून या कुळातले दुसरे सुरू करायचे तर मध्ये साधारण १४ दिवसांची मोकळीक ठेवावी लागते. फ्लुओक्सेटीन तर शरीरात इतके रेंगाळते की त्यानंतर पाच आठवडे थांबावे लागते. 'मी ती गोळी कधीच सोडली' म्हणून भागत नाही. कधी सोडली तेही सांगावे लागते.

अशी गाठ पडण्याची किंमत काय असू शकते? १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन नावाची १८ वर्षांची मुलगी ताप आणि अंगाच्या थरथरीने रुग्णालयात दाखल झाली. ती नैराश्यावरची फेनेल्झीन ही गोळी घेत होती. तिथे तिला पेथिडीनचे इंजेक्शन दिले गेले, आणि काही तासांत ती गेली. मृत्यूच्या नेमक्या कारणावर न्यायालयात वर्षानुवर्षे वाद झाला. पण त्यानंतर शिकाऊ डॉक्टरांच्या कामाच्या तासांवर त्या राज्याने मर्यादा घातली, आणि या दोन औषधांची गाठ किती घातक असते हे साऱ्या जगाच्या वैद्यकाला कळून चुकले.

आता दुसरा प्रकार. दाभोळ-धोपाव्याची फेरीबोट तुम्ही पाहिली असेल. बोटीत मावतील तेवढ्याच गाड्या पलीकडे जातात, बाकीच्या धक्क्यावर थांबतात. औषधे शरीराबाहेर नेण्याआधी यकृताला त्यांचे रूप बदलावे लागते, आणि त्यासाठी यकृतात अशा काही बोटी आहेत. फ्लुओक्सेटीन आणि पॅरोक्सेटीन त्यांतली एक बोट अडवून धरतात. मग त्याच बोटीने जाणारी ॲमिट्रिप्टिलीन ही गोळी, किंवा रक्तदाबावरची मेटोप्रोलॉल, रक्तात साचत जाते. मात्रा तीच, पण परिणाम दुप्पट. नाडी मंदावते, चक्कर येते. उलट क्षयावरचे रिफाम्पिसिन जादा बोटी सोडते. मग काही औषधे गुण देण्याआधीच पार होतात. रोगी म्हणतो, 'गोळीचा काही उपयोग नाही.' गोळीला बिचारीला टिकूच दिलेले नसते! परदेशी असलेल्या आपल्या मुलाबाळांनी 'सेंट जॉन्स वर्ट' नावाची वनस्पती 'मनाला बरी' म्हणून धाडली, तर ती अशाच जादा बोटी सोडते आणि शिवाय सेरोटोनिनही वाढवते. ती या गोळ्यांबरोबर घेऊ नये.

तिसरा प्रकार बेरजेचा. दोन औषधांचा एकच दुष्परिणाम असला की तो वाढतो. सर्ट्रालीनच्या जातीच्या गोळ्यांनी रक्त गोठण्याची क्रिया थोडी मंदावते. एकट्याने सहसा बिघडत नाही. पण त्यावर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशी दुखण्यावरची गोळी घेतली, की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. शौचाला डांबरासारखे काळे झाले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तर दुर्लक्ष करू नये. हृदयविकारासाठी डॉक्टरांनीच ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे औषध दिले असेल तर ते आपल्या मनाने बंद करायचे नाही. दोन्ही डॉक्टरांना दोन्ही औषधे सांगायची. आपल्याकडे पावसाळ्यात तापाची साथ येते, डेंग्यू येतो. डेंग्यूत आधीच रक्तस्रावाची भीती. अशा दिवसांत 'अंग मोडून आलंय, एक गोळी द्या' म्हणून मिळेल ती गोळी घेऊ नये. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल, योग्य मात्रेत, हे त्यातल्या त्यात निर्धोक. तेही विचारूनच.

झोपेची गोळी, सर्दीची गुंगी आणणारी गोळी आणि दारू, यांची बेरीजही अशीच. ॲमिट्रिप्टिलीनवर सर्दीची गोळी घेतली की तोंडाला कोरड पडते, म्हाताऱ्या माणसाची लघवी अडते. शिमग्याच्या दिवसांत एक-दोन पेल्यांनी काय होते, असे म्हणणाऱ्याने रात्री होडीवर किंवा मोटारसायकलवर बसू नये. आणि दारू स्वतःच नैराश्य वाढवते. एका हाताने पेरायचे आणि दुसऱ्या हाताने उपटायचे, असा तो प्रकार.

साठी ओलांडलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. रक्तदाबाच्या कित्येक गोळ्यांत लघवी वाढवणारे औषध असते, उदाहरणार्थ क्लोरथॅलिडोन. त्याच्या जोडीला नैराश्याची गोळी आली की काही वृद्धांच्या रक्तातले सोडियम, म्हणजे मिठातला अंश, घसरतो. मळमळ, डोकेदुखी, तोल जाणे, भ्रमिष्टासारखे बोलणे सुरू होते. घरचे म्हणतात, 'आजी वयानं बरळते.' पहिल्या काही आठवड्यांत असे झाले तर वयाला बोल लावण्याआधी रक्त तपासून घ्यावे. लिथियम घेणाऱ्यांनीही उन्हातान्हात पाणी-मीठ कमी पडू देऊ नये, आणि दुखण्याच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. लिथियम रक्तात साचले तर विषासारखे काम करते.

आता झाडपाल्याकडे वळू. 'ते आपलं साधं मूळ आहे, ते कसं बाधेल?' असे आपण म्हणतो. सर्पगंधेची गोष्ट ऐका. ही वनस्पती आपल्या रानातली. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लेख लिहून रक्तदाबावरचा तिचा गुण जगापुढे मांडला. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पीन वेगळे काढले गेले, आणि १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. आपल्या मातीचा हा मोठा मान. पण त्याच दशकात असेही दिसले की रेसर्पीन घेणारे काही रोगी खिन्न होतात. कारण ते मेंदूतल्या निरोप्या द्रव्यांची कोठारेच रिकामी करते. म्हणजे नैराश्याची गोळी पाणी अडवणार आणि सर्पगंधा विहीरच उपसणार! ज्याला नैराश्य आहे त्याने ती आपल्या मनाने घेऊ नये. तशीच खाजकुयलीची गोष्ट. कवचबीज म्हणून शक्तीसाठी तिचे चूर्ण घेतात. त्या बियांत एल-डोपा हे जोरदार औषधी द्रव्य असते, हे मद्रासच्या दोन संशोधकांनी १९३७ सालीच दाखवले आहे. ज्यात औषधाचा गुण आहे त्यात औषधाचा धोकाही असणारच. म्हणून डॉक्टरांनी विचारले की काढा, चूर्ण, आसव, मूळ, सारे सांगावे. आणि वैद्यबुवांना गोळीचे नाव सांगावे.

हे सगळे ऐकून कुणी म्हणेल, 'एवढ्या भानगडी असतील तर गोळीच नको.' श्रोतेहो, कृपा करून असे करू नका. माझ्या सांगण्याचा अर्थ अगदी उलटा आहे. गोळी एकाएकी बंद केली तर चक्कर, मळमळ, चिडचिड, झोपमोड होते, आणि गेलेला आजार परत फिरतो. नैराश्याचा आजार जीव घेतो, हे विसरू नका. गोळी कमी करायची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. मला त्या प्रसंगानंतर तीच गोळी पुन्हा सुरू केली, आणि तिनेच मला उभे केले.

मग करायचे काय? एक दहा रुपयांची वही करा. तीत आपण घेत असलेल्या प्रत्येक औषधाचे नाव लिहा. पाकिटावर कंपनीने ठेवलेले नाव असते ते नव्हे, तर औषधाचे मूळ नाव. किती मिलिग्रॅम, दिवसातून कितीदा, कधी सुरू केले, कधी बंद केले, हे लिहा. पूर्वी कशाचा त्रास झाला ते लिहा. दाताच्या डॉक्टरांकडे जाताना, शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्यांपुढे, आणि औषधाच्या दुकानात खोकल्याची बाटली मागतानाही ती वही पुढे करा. शक्यतो औषधे एकाच दुकानातून घ्या. दुकानदाराला आपली औषधे तोंडपाठ होतात. नवे औषध सुरू झाले की पहिला दिवसभर घरातल्या एकाने तरी लक्ष ठेवावे, त्या नॉटिंगहॅमच्या नवऱ्यासारखे.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. खेड्यात पाकिटावरची इंग्रजी अक्षरे वाचणारा माणूस म्हणजे शाळेतला मास्तर. एखाद्या शनिवारी मुलांना घरातल्या औषधांची अशी वही करायला सांगा. आजोबांच्या गोळ्यांची नावे नातवाने उतरून काढली तर त्याचे अक्षरही सुधारेल आणि आजोबांचा जीवही सांभाळला जाईल. मात्र ती वही वर्गात मोठ्याने वाचून दाखवायची नाही. ती घरात राहील, एवढे भान आपण ठेवायचे. मनाच्या आजारासाठी सल्ला हवा असेल तर १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की विनामूल्य बोलता येते. औषधाचा त्रास झाला तर तो कळवण्यासाठी १८००-१८०-३०२४ हा क्रमांक आहे.

शेवटी पुन्हा माझ्या घरची गोष्ट. पुढच्या गणपतीला घरी गेलो. दादाने आल्याआल्या विचारले, "गोळ्या आणल्यास ना?" सगळ्यांसमोर विचारले, रेनकोट आणलास ना, असे विचारावे तितक्या सहज. मी मान डोलावली आणि वही काढून देवघराच्या फळीवर, पंचांगाशेजारी ठेवली. संध्याकाळी वहिनीला सर्दी झाली, तेव्हा डॉक्टरांकडे जाताना तिनेच विचारले, "भावजी, मला रक्तदाबाची गोळी आहे. तीही लिहायची का या वहीत?"

मी म्हटले, "लिहा वहिनी. नवं पान काढा."